वरचा मजला, तापलेला स्लॅब आणि मे महिन्याचं बिल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात फुलेवाडीत स्वतःचं दोन मजली घर, वरच्या मजल्यावर चौघं राहतात, त्यात वयस्कर आई. डोक्यावर उघडी गच्ची. घरात चार पंखे, एक कुलर, एक फ्रिज. हिवाळ्यात १९० युनिटांच्या आसपास असणारा वापर मे महिन्यात ३४० वर गेला. रात्री अकरा वाजता छताला हात लावला तरी गरम लागतं. मग दीड टनाचा फाइव्ह स्टार एसी घेतला तर बिल किती वाढेल, की मोठा कुलर घेतलेला बरा?

मी वायरिंगची आणि एसी बसवायची कामं करतो. त्याआधी शिवाजी उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करायचो. म्हणजे तुम्ही एसी घेतला तर माझ्यासारख्याचा फायदाच आहे. तरी ‘कुठला एसी’ इथनं सुरुवात करायला माझं मन घेत नाही, कारण तुमच्या प्रश्नातली कामाची ओळ रात्री अकराची आहे.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं दुपारी पारा ३७-३८ पर्यंत जातो, एखाद्या दिवशी चाळिशीला टेकतो. पण दिवस मावळला की पश्चिमेचं वारं सुटतं आणि पहाटेपर्यंत २२-२३ अंशांपर्यंत उतरतं. विदर्भात लोक रात्रभर भाजून निघतात, तशी गत इथं क्वचितच. अंगणात खाट टाकली तर दहानंतर पांघरूण घ्यावंसं वाटतं आणि त्याच वेळी वरच्या खोलीत उशी भिजते. ही उष्णता बाहेरच्या हवेतनं येत नाही, डोक्यावरनं येते.

थोडा हिशोब करू. बारा बाय बाराची खोली घ्या. तिच्यावरचा पाच इंची स्लॅब साधारण चार टन वजनाचा असतो, कोबा वेगळाच. हा चार टनांचा दगड दिवसभर तापून दहा अंशांनी वर गेला, तर त्यात सुमारे दहा युनिटांइतकी उष्णता साठते. त्याच खोलीतली हवा भरते पन्नासेक किलो. तिला दहा अंशांनी थंड करायला एका युनिटाच्या सातव्या-आठव्या भागाइतकी उष्णता काढली की झालं. खोलीची हवा एसी पाच-दहा मिनिटांत गार करतो, आणि मग रात्रभर छतातनं खाली उतरणारी उष्णता उपसत बसतो. साठलेल्या उष्णतेतला काही भाग रात्री वर आभाळाकडं जातो, पण बराचसा तुमच्या अंथरुणावर येतो. छताची खालची बाजू सगळ्यात जास्त तापते ती भर दुपारी नव्हे, तर संध्याकाळी, नेमकी माणसं घरी येतात तेव्हा. कारण वर पडलेलं ऊन स्लॅबमधनं खाली पोचायला काही तास घेतं.

म्हणून कुणी बोलावलं की मी आधी गच्चीवर जातो. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी एक चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. म्हणजे बारा बाय बाराच्या स्लॅबवर तेरा किलोवॉट. तुमच्या चारी पंख्यांचा, कुलरचा आणि फ्रिजचा भार एकत्र केला तरी पाऊण किलोवॉटच्या वर जात नाही. जुना, शेवाळानं काळा पडलेला सिमेंटचा कोबा यातलं बहुतेक ऊन पिऊन टाकतो. ताजा पांढरा चुना मात्र सत्तर-ऐंशी टक्के ऊन परत पाठवतो. एवढा मोठा फरक दुसऱ्या कुठल्याही उपायात इतक्या कमी पैशात मिळत नाही.

चुना कसा मारायचा यावर थोडं जास्त लिहितो, कारण इथंच लोक घोळ करतात. आधी तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडून गच्ची धुवा. भेगा असतील तर त्या बुजवा. भेगेवर नुसता चुना मारला तर पावसाळ्यात गळती तुमच्याच डोक्यावर. चुना आदल्या दिवशी भिजत घाला, गाळून घ्या आणि चिकटण्यासाठी त्यात पांढरा डिंक किंवा ॲक्रिलिक बाइंडर मिसळा. ऊन उतरल्यावर गच्ची किंचित ओली करून पहिला हात एका दिशेनं, तो वाळला की दुसरा हात आडवा मारा. तिसरा मारला तर उत्तम. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. आपल्याकडचा पाऊस दांडगा आहे, त्यामुळं हा चुना एका उन्हाळ्याचा सोबती समजा. दर मार्चमध्ये नवा हात द्यावा लागतो. तो त्रास नको असेल तर गच्चीसाठी मिळणारा पांढरा परावर्तक रंग घ्या. तो महाग आहे, पण काही वर्षं टिकतो. घर नवं बांधताय किंवा वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचंच आहे, तर कोब्यावर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांची, घालून घ्या. मग दरवर्षी हात द्यावा लागत नाही. तुमचं स्वतःचं घर आहे म्हणून हे सोपं. अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावरच्यांना गच्चीला हात लावण्याआधी सोसायटीला विचारावं लागतं. पण चुन्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घेण्याइतका कमी असतो, फक्त खालच्या मजल्यावरचे ‘आमचा काय फायदा’ म्हणतात.

दुसरा रस्ता सावलीचा. कोल्हापुरात पावसासाठी गच्चीवर पत्र्याचं शेड मारायची पद्धत आहेच. बाजू उघड्या ठेवल्या आणि पत्रा डोक्याच्या बराच वर घेतला, तर तेच शेड उन्हाळ्यात स्लॅबला वाचवतं. पत्रा तापतो, पण मधनं वारं जातं. याला महापालिकेची परवानगी लागते का, ते आधी बघा. एवढा खर्च नको असेल तर शेडनेट बांधा, पण गाठी पटकन सुटतील अशा मारा. वळवाचं वारं एकदा सुटलं की नेट आणि खांब शेजाऱ्याच्या अंगणात सापडतात. गावाकडं पत्र्यावर उसाचं पाचट पसरतात. गारवा खरंच मिळतो, पण मेन लाइन वरनं गेलेली असेल किंवा शेजारी चूल पेटत असेल तर ते करू नका. वाळलेलं पाचट पेटायला एक ठिणगी पुरते.

गच्चीवर पाणी मारावं का, हेही बरेच जण विचारतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता घेऊन जातं, त्यामुळं उपाय मुळातच जोरदार आहे. पण पाणी वाहून गेलं तर उपयोग शून्य; ओलं गोणपाट टाकून ते जिरून हळूहळू वाळलं पाहिजे. मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात मी हे कुणाला सांगत नाही. आणि कोब्याला भेगा असतील तर अजिबातच नाही.

आता वाऱ्याकडं या. पहाटेची २२-२३ अंशांची हवा फुकट आहे, तिची वीज लागत नाही. तरी निम्म्या घरांच्या खिडक्या मी रात्री बंद आणि दुपारी सताड उघड्या बघितल्यात. उलटं करा. सकाळी नऊ-साडेनऊला खिडक्या लावा, बाहेरनं सावली करा, आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडा. पश्चिमेची खिडकी हवा आत घेईल, पूर्वेच्या खिडकीत पंखा तोंड बाहेर करून ठेवला तर तो आतली गरम हवा ढकलेल. गच्चीवर जाणाऱ्या जिन्याचं दार रात्री उघडं ठेवता आलं तर घरातली तापलेली हवा तिकडनं आपोआप वर निघून जाते. मच्छरांची जाळी लागणारच, ती वारं थोडं अडवते, म्हणून ती महिन्यातनं एकदा धुवा. धुळीनं बुजलेली जाळी म्हणजे जवळजवळ बंद खिडकीच. पश्चिमेच्या खिडकीला आतला जाड पडदा फारसा कामाचा नाही. ऊन काचेतनं आत आलं की पडदाच तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बांबूची चिक किंवा ताडपत्री बाहेरच्या बाजूनं टांगा.

मग बिलातले १५० युनिट वाढले कुठनं? मी तुमचं घर बघितलेलं नाही, पण आकडे जुळतात. जुना साधा पंखा ७० ते ८० वॉट घेतो. चार पंखे, रोज सरासरी सोळा तास, ७५ वॉटनं धरले तर दिवसाला ४.८ आणि महिन्याला १४४ युनिट झाले. कुलर १८० वॉटनं आठ तास, म्हणजे महिन्याला ४३. फ्रिज उन्हाळ्यात जास्त वेळ चालतो, त्याचे पंधरा-वीस धरा. उलट हिवाळ्यात गिझर लावत असाल तर तो बंद झाला, त्याचे पन्नासेक वजा. बेरीज दीडशेच्या आसपासच येते. पंख्याकडं कुणी बघत नाही, कारण तो ‘एवढीशी’ वीज घेतो, पण तुमच्या घरात उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा खाणारा तोच आहे.

हेच चार पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटारीचे) घेतले तर १४४ चे ५८ होतात. महिन्याला ८६ युनिट वाचले. आणि बिलातले पहिले वाचतात ते सगळ्यात महागडे युनिट. महावितरणच्या घरगुती दरात शंभरपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर असे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त दर दुसऱ्याला, तिसऱ्याला त्याहून वर. इथं एक गैरसमज काढून टाकतो: ३०१ वं युनिट पडलं म्हणून मागच्या तीनशेंना वरचा दर लागत नाही, फक्त तीनशेच्या पुढच्यांना लागतो. दर बदलत राहतात, तेव्हा ताज्या बिलावरचा तक्ता बघा, आणि त्यावर वहन आकार (वीज पोचवायचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरायला विसरू नका. सगळं धरून युनिटाला दहा-बारा रुपये समजले तर उन्हाळ्यात महिन्याला नऊशे-हजार रुपये फक्त पंख्यात वाचतात. दोन-तीन उन्हाळ्यांत पंख्यांचे पैसे वसूल. सगळे एकदम नको असतील तर जो सगळ्यात जास्त तास चालतो तो हॉलमधला आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे.

एप्रिल-मे मध्ये अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ते वापराचं बिल समजून पुष्कळ लोक मीटर खराब आहे म्हणत भांडायला जातात. दोन्ही कागद वेगळे करून बघा.

कुलर की एसी, हे खरं तर महिन्यावर अवलंबून आहे. मार्च-एप्रिलची कोरडी दुपार कुलरला सोन्यासारखी. पण वळीव पडायला लागला की हवेत ओल वाढते आणि कुलर फक्त दमट वारा फेकतो. मोठा कुलर घेतला म्हणून हे बदलत नाही. तुमच्याकडं कुलर आहेच, तो नीट चालवा: खिडकीत पाठ बाहेर आणि तोंड आत करून बसवा म्हणजे त्याला ताजी कोरडी हवा मिळेल, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कुलर तासाभरात खोलीची न्हाणी करतो. बोअरचं जड पाणी असेल तर जाळ्यांवर क्षार बसतात, त्या हंगामात एक-दोनदा बदलाव्या लागतात. आणि आठवड्यातनं एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

आईंचं मात्र वेगळं धरा. वयस्कर माणसाला ३८-४० अंशांत पंखा फारसं काही देत नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. त्यांना बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर बिलाचा विचार बाजूला ठेवा. एका खोलीत एसी बसवा आणि दुपारी बारा ते पाच त्यांना तिथं बसवा. शक्य असेल तर उन्हाळ्यात त्यांची खोली खालच्या मजल्यावर हलवा, तो त्याहून स्वस्त उपाय आहे.

एसी घ्यायचाच ठरला तर दुकानदार ‘वरचा मजला आहे, दीड टन लागणारच’ म्हणेल. उघड्या काळ्या स्लॅबखाली त्याचं बरोबर आहे. पण गच्ची पांढरी केली, पश्चिमेला बाहेरनं सावली केली, तर बारा बाय बाराच्या खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. माझ्या मोजणीत असा एसी आठ तासांच्या रात्रीला साडेतीन ते पाच युनिट घेतो, दीड टनाचा तापलेल्या छताखाली पाच ते सात. म्हणजे दीड टनाचा तसाच बसवला तर महिन्याला दीडशे-दोनशे युनिट वाढतील, कुलरचे ४३ कमी होतील, आणि एकूण पाचशेच्या आसपास जाल. आधी गच्ची आणि पंखे केले तर तोच महिना पावणेचारशेच्या आत राहील. तुमच्या ‘किती वाढेल’ चं उत्तर एवढंच.

लेबल बघताना नुसते तारे मोजू नका, त्यावर छापलेला कालावधी आणि आयएसईईआरचा (हंगामभराच्या कार्यक्षमतेचा) आकडा बघा. निकष मधनंमधनं कडक होतात, त्यामुळं जुना पाच तारेवाला आजच्या चार तारेवाल्याइतकाच असू शकतो. १ जानेवारी २०२० पासून एसी सुरू होताना मुळात २४ वर सुरू होतो. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २६ वर ठेवा आणि पंखा सगळ्यात हळू लावा, अंगाला २४ सारखंच लागतं. रिमोट १८ वर नेल्यानं खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही. वळवानंतरच्या चिकचिकीत कूलऐवजी ड्राय मोड लावून बघा. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंद डक्टमध्ये बसवू देऊ नका. स्वतःच सोडलेली गरम हवा तेच परत ओढतं. फिल्टर पंधरवड्याला नळाखाली धुवा, त्याला मिस्त्री लागत नाही. आणि ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असं कुणी म्हणालं तर गळती कुठं आहे ते दाखवायला सांगा. एसीतला गॅस बंद नळीत फिरतो, तो वापरून संपत नाही.

सोलरचंही विचारणार असाल तर, तुमचा हिवाळ्यातला वापर बघता दोन किलोवॉट पुरे. एका किलोवॉटमागं वर्षाची सरासरी महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट येते, जून ते ऑगस्टमध्ये बरीच कमी. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान आहे. पॅनेलखालच्या स्लॅबला सावली मिळते, हा वरचा फायदा. पण तेही पंखे बदलल्यावर करा, म्हणजे लहान सिस्टीमवर भागेल.

शेवटचं माझ्या धंद्यातलं. एसी जुन्या प्लगला जोडू नका. बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या, एक टनाला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण). बिलावर मंजूर भार छापलेला असतो, जुन्या घरात तो बहुधा अपुरा निघतो. वाढवायचा अर्ज एसी येण्याआधी द्या. आणि आर्थिंग तपासून घ्या. मे महिन्यात माती कोरडी पडली की आर्थिंगचा खड्डा निकामी झाल्यासारखा वागतो, म्हणून वायरमनला त्याचा विद्युत रोध आधी कोरड्यातच मोजायला लावा, मग दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा. दोन्ही आकड्यांत फार फरक पडला तर नवा खड्डा घ्यावा लागेल, आणि त्याचा खर्च एसीच्या बजेटमध्ये आत्ताच धरून ठेवा.